स्टेथॉस्कोप हा शब्द कोणाचा?

काही वर्षांपूर्वी आरोग्यविषयक एका इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करीत असता ‘स्टेथॉस्कोप’ हा शब्द माझ्यापुढे आला. मराठी पुस्तिकेत इंग्रजी शब्द जितके कमी येतील तितके बरे, अशी माझी त्या वेळची समजूत होती. मी कोश उघडला. ‘स्टेथॉस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोप’ म्हणजे पाहण्याचे साधन, एवढे त्यात सापडताच आपले काम झाले असे मला वाटले. छातीला वक्ष आणि पाहण्याच्या साधनाला दर्शक. ‘सूक्ष्मदर्शक’ हा शब्द तर पूर्वीपासूनच रूढ होता. मी ‘वक्षदर्शक’ असे लिहिले आणि त्याबद्दल मनातल्या मनात थोडा अभिमानही बाळगला.

पुस्तिका छापून झाल्यावर एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांचे पत्र आले. त्यांनी वर्गात तो उतारा वाचून घेतला होता आणि मुलांना विचारले होते की, वक्षदर्शक म्हणजे कोणते यंत्र? बहुतेक मुलांनी ‘क्ष-किरणांचे यंत्र’ असे उत्तर दिले. ‘मुलांचे काय चुकले ते कृपया कळवावे,’ एवढेच पत्राच्या शेवटी होते. मुलांचे काहीच चुकले नव्हते. छातीच्या आतील भाग दाखविणारे यंत्र ते क्ष-किरणांचेच. डॉक्टर कानांत घालून ऐकतात त्या नळीला ‘दर्शक’ म्हणणे मुलांना सुचणार तरी कसे?

ही चूक कशी झाली याचा शोध घेताना मला त्या एका शब्दाचा पुष्कळ इतिहास वाचावा लागला, आणि तो वाचल्यावर माझे मत बदलले. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला प्रत्येक शास्त्रीय शब्द इंग्रजांच्या मालकीचा आहे असे आपण धरून चालतो आणि मग तो ठेवावा की हाकलावा एवढाच वाद घालीत बसतो. तो शब्द कोणी घडविला, कोणत्या भाषेतील सामग्रीतून घडविला आणि कोणत्या गरजेपोटी, हे आधी विचारले तर त्या वादाचे स्वरूपच पालटते.

स्टेथॉस्कोप जन्मला तो फ्रान्समध्ये. रने तेओफील यासँत लाएनेक हे त्याचे जनक. ब्रिटनी प्रांतातील कँपेर येथे १७८१ साली त्यांचा जन्म झाला. १८१६ साली त्यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री तपासणीसाठी आली. रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आवाज कसा निघतो ते पाहावयाचे, ही रीत त्या काळी पॅरिसच्या वैद्यांना माहीत झालेली होती. ती मूळची व्हिएन्नाच्या आउएनब्रुग्गर यांची. त्यांनी १७६१ साली तिच्यावर लॅटिनमध्ये एक लहानसे पुस्तक लिहिले. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८०८ साली लाएनेक यांचे गुरू कोर्व्हिझार यांनी त्याचे फ्रेंचमध्ये भाषांतर केले, तेव्हा कोठे ती रीत पसरली. कोर्व्हिझार हे नेपोलियनचे वैद्य. मनात आणले असते तर विस्मृतीत गेलेली ती रीत त्यांना आपल्या नावावर सहज खपविता आली असती. त्यांनी भाषांतर केले आणि मूळ लेखकाचे नाव पुढे ठेवले. याच धंद्यात असल्यामुळे ही गोष्ट गाळून पुढे जाणे मला जड जाते.

परंतु ती तरुणी स्थूल होती; ठोकून काही कळण्याजोगे नव्हते. छातीला प्रत्यक्ष कान लावून ऐकणे हा दुसरा उपाय. तोही नवा नव्हे. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत छातीला कान लावून ऐकू येणाऱ्या, उकळत्या शिरक्यासारख्या आवाजाचे वर्णन आहे. पण रोगी तरुण, त्यातून स्त्री. तेव्हा तो मार्ग लाएनेक यांना प्रशस्त वाटला नाही. त्या क्षणी त्यांना ध्वनिशास्त्रातील एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाशी टाचणीने ओरखडले असता दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी कागदांची एक वही घेतली, तिची घट्ट गुंडाळी केली, एक टोक रोग्याच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. नुसता कान लावून कधी ऐकू आले नसतील इतके स्वच्छ हृदयाचे ठोके त्यांना ऐकू आले.

पुढे कागदाच्या जागी लाकूड आले. सुमारे एक फूट लांब, दीड इंच जाड आणि मधून बारीक भोक पाडलेला तो दंडगोल होता. लाएनेक यांना सुतारकामाच्या चरकावर काम करता येत असे. ही उपकरणे ते स्वतःच कातून तयार करीत. त्यांना बासरीही वाजविता येत असे. पोकळ लाकडातून चालणाऱ्या ध्वनीशी त्यांचा परिचय असा दुहेरी होता. पण त्यांचे खरे मोठेपण नळी शोधण्यापेक्षा त्यानंतरच्या तीन वर्षांत आहे. नेकेर रुग्णालयातील रोग्यांच्या छातीत जो जो आवाज ऐकू येई तो ते टिपून ठेवीत, आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून आत कोणती विकृती होती ते त्या टिपणाशी ताडून पाहत. कानाला ऐकू आले काय आणि आत घडले होते काय, यांचा मेळ अशा रीतीने प्रथम बसला. १८१९ साली हे सर्व दोन खंडांच्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे सातच वर्षांनी, १८२६ साली, लाएनेक क्षयाने वारले. ज्या रोगाची लक्षणे त्यांनी जगाला ऐकावयास शिकविली तोच हा रोग.

आता नावाकडे वळू. एवढ्या साध्या वस्तूला नाव कशाला हवे, असे लाएनेक यांना प्रथम वाटत होते. आपल्या ग्रंथातही ते बहुतेक ठिकाणी नुसते ‘दंडगोल’ म्हणूनच तिचा उल्लेख करतात. पण लोक स्वस्थ बसेनात. जो तो आपल्या मनाचे नाव देऊ लागला. ती नावे लाएनेक यांनी एका तळटीपेत नोंदवून ठेवली आहेत, आणि परिभाषा घडविण्याची हौस असलेल्या प्रत्येकाने ती तळटीप एकदा तरी वाचावी. कोणी त्या नळीला ‘सोनोमेत्र’ म्हणाले, म्हणजे ध्वनिमापक; पण ती काही मोजत नाही. कोणी ‘पेक्तोरिलोक’ म्हणाले, म्हणजे छातीतून बोलणारा. पण रोग्याचा शब्द छातीतूनच आल्यासारखा ऐकू येणे हे क्षयाचे एक लक्षण होय. लक्षणाचे नाव उपकरणास देणे म्हणजे तापाचे नाव तापमापकास देण्यासारखे झाले. कोणी ‘तोरासिलोक’ असा अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन सांधा जोडला. कोणी सरळ ‘वैद्यकीय शिंग’ म्हणून मोकळे झाले. यांतील एकही नाव लाएनेक यांना योग्य वाटले नाही आणि काही तर त्यांना निखालस रानटी वाटली. तेव्हा निरुपायाने त्यांनी स्वतःच नाव दिले. इंग्रजीत ज्याला स्टेथॉस्कोप म्हणतात तो हा फ्रेंच ‘स्तेतोस्कोप’. त्या वस्तूचा मुख्य उपयोग या नावाने सर्वांत चांगला व्यक्त होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे कोणी तज्ज्ञांची समिती बसते, तीन महिन्यांनी शब्द ठरतो आणि तोवर बाजारात दुसराच शब्द रूढ झालेला असतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पॅरिसमध्येही दोनशे वर्षांपूर्वी फारसे वेगळे घडत नव्हते, एवढे या तळटीपेवरून दिसते.

शब्दांच्या बाबतीत लाएनेक हा गृहस्थ फार काटेकोर होता. १८०४ साली वैद्यकाच्या पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंधच हिपॉक्रेटिसच्या मतांवर होता, तेव्हा ग्रीक भाषा त्यांना उसनी घ्यावी लागली नाही. यकृताच्या एका रोगात ते पिवळट-तपकिरी दिसते, म्हणून त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्या रोगाला दिलेले ‘सिरोसिस’ हे नाव आजही जगभर चालते. छातीतून येणारा रोग्याचा आवाज शेळीच्या बेंबटण्यासारखा कापरा ऐकू आला, तेव्हा शेळी आणि ध्वनी या दोन ग्रीक शब्दांचा त्यांनी समास केला. फुप्फुसातील घरघरीला मात्र त्यांनी ‘राल’ हा रोजच्या फ्रेंचमधला शब्द घेतला. पण मरणघरघरीलाही फ्रेंचमध्ये तोच शब्द असल्याने रोगी तो ऐकून घाबरू लागले. तेव्हा रोग्यासमोर बोलताना ते त्याऐवजी लॅटिन शब्द वापरीत. शब्द खाटेवर पडलेल्या माणसाच्याही कानी पडतो याचा विचार करणारा असा परिभाषाकार क्वचितच आढळतो.

मग असा माणूस ऐकण्याच्या साधनाला ‘पाहण्याचे साधन’ कसे म्हणाला? माझ्या ‘वक्षदर्शका’ची चूक मुळातच होती की काय? प्रथम मला तसेच वाटले आणि, खरे सांगावयाचे तर, थोडे बरेही वाटले. पण हा बचाव टिकत नाही. लाएनेक यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘ऐकणे’ या अर्थाचा लॅटिनमधून आलेला शब्द आहे; मध्ये साधन ठेवून केलेले श्रवण, असा त्या शीर्षकाचा आशय. ऐकण्याचा शब्द मुखपृष्ठावर हाताशी असताना त्यांनी उपकरणासाठी तो घेतला नाही, याचा अर्थ त्यांनी विचारपूर्वक दुसरा घेतला.

ग्रीक भाषेत ‘स्कोपेइन’ या क्रियापदाचा अर्थ डोळ्यांनी पाहणे एवढाच नाही. लक्ष ठेवणे, न्याहाळणे, तपासणे, विचार करणे हे सारे त्याच्या कक्षेत येते. ‘स्कोपोस’ म्हणजे टेहळणी करणारा. ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून देखरेख करणारा. ख्रिस्ती धर्मातील ‘बिशप’ हा शब्द त्याच्यापासूनच झिजत झिजत झाला. आपल्या ‘देखरेख’ या शब्दातही देखणे आहेच, परंतु गिरणीत देखरेख करणारा मुकादम नुसता बघत उभा असतो असे कोणी म्हणणार नाही.

आणि येथेच मला माझी मराठी आठवली. आपण नाडी ‘पाहतो’. वैद्य डोळे मिटून, तीन बोटे मनगटावर ठेवून बसलेला असतो, तरी तो नाडी पाहत असतो. आपण चव घेऊन पाहतो, वास घेऊन पाहतो, वजन उचलून पाहतो, ऐकून पाहतो. आपण वाट पाहतो तेव्हा तर डोळ्यांपुढे काहीच नसते. अधिकारी येतो तो पिकाची ‘पाहणी’ करतो. ‘स्कोपेइन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मराठीत शोधण्यासाठी मला कोशात जाण्याचे कारणच नव्हते. आमच्या घरातील कोणत्याही वडीलधाऱ्या बाईने तो मला सांगितला असता. स्टेथॉस्कोप म्हणजे छातीची पाहणी करण्याचे साधन. ‘पाहणे’ या देशी शब्दाला जे सहज साधते ते ‘दर्शक’ या तत्सम शब्दाला साधत नाही, कारण मराठीत ‘दर्शक’ शब्द आला की काहीतरी डोळ्यांपुढे दाखविले जाते. माझी चूक लाएनेक यांची नव्हती. ती माझीच होती. मी ग्रीक शब्दाचे भाषांतर केलेच नव्हते. इंग्रजी कोशातील एका ओळीचे केले होते.

हे ग्रीक मूळ आपल्याला वाटते तितके परकेही नाही. भाषाशास्त्रज्ञ ‘स्कोपेइन’चे मूळ आणि संस्कृतातील ‘पश्यति’चे मूळ एकच मानतात, ग्रीकमध्ये आतील व्यंजनांची अदलाबदल झाली एवढेच. संस्कृतात ‘स्पश’ म्हणजे हेर, आणि आपण रोज वापरतो तो ‘स्पष्ट’ हा शब्दही त्याच धातूपासून झाला. ‘थर्मामीटर’ची गोष्टही अशीच. त्यातील ‘थर्म’ हा संस्कृत ‘घर्म’ आणि मराठी ‘घाम’ यांचा भाऊबंद, आणि ‘मीटर’ हा ‘मात्रे’चा. मात्र ही माहिती मी कौतुकापुरती देतो. भाऊबंदकीच्या आधारावर परिभाषा रचू लागलो तर थर्मामीटरला घाममात्रा म्हणण्याची पाळी येईल.

इंग्रजीत हा शब्द आला तो पाहुणा म्हणून. लाएनेक यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर जॉन फोर्ब्झ या वैद्याने १८२१ साली प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी मूळ ग्रंथाची मांडणी पुष्कळ बदलली, मजकूर आवरला, पण उपकरणाचे नाव तसेच ठेवले. वास्तविक हे उपकरण इंग्लंडात सर्वत्र रूढ होईल असा फोर्ब्झ यांना भरवसा नव्हता. गंभीर मुद्रेचा वैद्य रोग्याच्या छातीला लांब नळी लावून ऐकत बसला आहे हे दृश्य त्यांना काहीसे हास्यास्पद वाटत होते. तरीही त्यांना त्या नळीसाठी अस्सल इंग्रजी शब्द घडवावा असे वाटले नाही. इंग्रजीत छाती आणि ऐकणे यांना शब्द नाहीत असे थोडेच आहे? आज ग्रीस देशातही डॉक्टर ‘स्तिथोस्कोपिओ’ असेच म्हणतात. ग्रीक मातीचा हा घडा फ्रेंच कुंभाराने घडविला आणि तो पुन्हा ग्रीकांच्या घरी गेला. पेरिक्लीसच्या काळातील अथेन्सकराला तो दाखविला असता तर त्यातील दोन्ही शब्द त्याने ओळखले असते. वस्तू मात्र ओळखली नसती.

म्हणून ‘स्टेथॉस्कोप’ मराठीत ठेवणे म्हणजे इंग्रजीपुढे मान तुकविणे होय, हा आक्षेप मला मान्य नाही. या शब्दावर इंग्रजांचा जितका हक्क आहे तितकाच आपला आहे. त्यांनी तो १८२०च्या सुमारास घेतला, आपण नंतर घेतला, एवढाच काय तो फरक. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगानेही जगभर चालणारे शब्द शक्य तेथे तसेच ठेवून देवनागरीत लिहावेत, असे तत्त्व स्वीकारले आहे.

याविरुद्ध एक बळकट मुद्दा आहे आणि तो लपविणे बरे नव्हे. चीन आणि जपान या देशांनी ग्रीक शब्द घेतला नाही. त्यांच्या शब्दाचा अर्थ ‘ऐकून निदान करण्याचे साधन’ असा आहे. एकाच चिनी लिपीत लिहिलेला तो शब्द दोन्ही देशांत चालतो, आणि तेथील मुलांना तो पाहताक्षणी कळतो. जर्मन लोकही शास्त्रीय शब्दाबरोबर ‘ऐकण्याची नळी’ असा साधा शब्द वापरीत आले आहेत. हिंदीत ‘परिश्रावक’ असा शब्द घडविला गेला आहे, पण लोकांच्या तोंडी आहे तो ‘आला’. तो अरबीतून आलेला असून त्याचा अर्थ नुसते ‘साधन’ एवढाच आहे. (इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी कुटुंबांत ‘डॉक्टरांचा आला’ हे वाक्य ऐकून नवख्या पाहुण्याने ‘कोण आला?’ असे विचारावे, यात नवल नाही.) तेव्हा आपला शब्द करता येतच नाही, असे माझे म्हणणे नाही. चिनी-जपानी शब्दकर्त्यांनी जे केले ते मी केले नव्हते. त्यांनी वस्तूकडे पाहून शब्द केला. मी परक्या शब्दाचे दोन तुकडे करून प्रत्येकाच्या जागी संस्कृत तुकडा बसविला, आणि वस्तूकडे पाहिलेच नाही.

आपल्या लोकांनी वस्तूकडे पाहून शब्द केव्हाच केला आहे. ‘डॉक्टरांनी नळी लावून पाहिली’ असे खेड्यापाड्यांत म्हणतात. या चार शब्दांत वस्तू आहे, कृती आहे आणि ‘स्कोपेइन’ही आहे. एका फारसी ‘दुर्बिणी’ने आपल्याला दूरदर्शकाच्या त्रासातून सोडविले, त्या वेळी कोणी तिची जात विचारली नाही. ‘नळी’ला मात्र पाठ्यपुस्तकात येऊ देण्यास आपण कचरतो, कारण ती शास्त्रीय वाटत नाही. लाएनेक यांना स्वतःला ‘दंडगोल’ हा शब्द पुरेसा शास्त्रीय वाटत होता हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. लहान मुलांच्या पुस्तकात नळी आणि पुढच्या इयत्तांत स्टेथॉस्कोप, असे दोन्ही शब्द एकमेकांची ओळख करून देत नांदले, तर मला त्यात काही उणे दिसत नाही. एकाच वस्तूला घरचे नाव आणि शाळेतले नाव असणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे.

त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ‘वक्षदर्शक’ काढून टाकला आणि त्या जागी असे वाक्य घातले: ‘डॉक्टर रोग्याच्या छातीला जी नळी लावून पाहतात तिला स्टेथॉस्कोप म्हणतात.’ पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना एक प्रत पाठविली. त्यांचे उत्तर आले की, या खेपेस मुलांना वस्तू कळली. पण पान चौदावर ‘स्टेथॉस्कोप’, पान सोळावर ‘स्टेथोस्कोप’ आणि चित्राखाली ‘स्टेथस्कोप’ असे छापले आहे, तर परीक्षेत यांतील कोणते बरोबर धरावे? मी पुस्तिका उघडून पाहिली. तिन्ही पानांची मुद्रिते मीच तपासली होती.